गोळ्यांची सावड

दर्यापूर, रविवार

ती. वामनराव भाऊजी यांस साळा सूर्यभानचा वाकून नमस्कार.

पत्र पाहून तुमी म्हणसान, फोन असताना पत्र काहून? कारण फोनवर तब्येतीचं काढलं की तुमची रेंज जाते. पत्राले रेंज लागत नाई. इकडं कपाशी बरी फुटली, म्हैस दूध देऊन राहिली, आमची घरवाली माणिक नेहमीसारखी मायावर नाराज हाय, म्हंजे सारं ठीक. तुमची तब्येत कशी म्हणून विचारत नाई. तुमी 'एकदम फस्ट क्लास' म्हणसान आन जमुनाताई मागून मान हालवन. तपासायले चला म्हटलं की तुमाले नेमकं वावरातलं काम आठवते, हे मले ताईनं सांगतलं नाई. मले असंच समजलं.

आता मायी गोष्ट ऐका. मागं दर्यापुरात तपासणीचं शिबिर होतं. तिथं मोनाली नावाच्या पोरीनं मायी कंबर मोजली, आकडा पाह्यला आन टेप पुन्हा लावला. (टेलर बी असाच थांबते, पण तो कापड जास्त लागन म्हणून खूश होते.) मंग तिच्याच अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर दामिनीबाईनं समजावलं. कंबर थोडी वाढलेली, बीपी थोडं, साखर थोडी, रक्तातली चरबी थोडी. एकेकाले पाह्यलं त कोणीच गुन्हेगार नाई, पण चौघं एका ओट्यावर बसले की काईतरी शिजून राहिलं समजावं. याले मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आन यावर जगभर संशोधन चालू हाय. त्यातल्याच एका नव्या गोळीच्या चाचणीत मले घेतलं. तीच गोळी तिकडं ब्राझीलात आन जपानात बी देऊन राहिले. तिकडचा एखादा सूर्यभान बी पोट आत ओढून टेपसमोर उभा असन, या विचारानं मले भल्लं बरं वाटलं. मले गरज होती, भाऊजी. बाबा मायाच वयात औतामागं डवरता डवरता कपाशीत खाली बसले आन उठले नाई, हे तुमाले का सांगू.

भानगड अशी, की निम्म्या लोकायले असली गोळी, निम्म्यायले नकली, आन कोणाले कोणती हे खुद्द डाक्टरीण बाईले मालूम नाई. मायासंगं चाचणीत घेतलेल्या धर्मपालले हे काई पटलं नाई. (धर्मपाल म्हंजे ज्याच्या वावराच्या धुऱ्याले आमच्या वावराचा धुरा लागून हाय तो.) आमची सालोसाल सावड चालते. एक बैल त्याचा, एक माया; जोडी जुपायची, आधी त्याचं वावर, मंग मायं. तो म्हणे, एकाच्या डबीत असली असन त दुसऱ्याच्या डबीत नकली, म्हंजे एकाचं नुकसान. आन शेजाऱ्याचं नुकसान दिसत असताना गोळी गळ्याखाली उतरावी कशी? मले पटलं. आमी दोन्ही डब्या एका स्टीलच्या डब्यात रिकाम्या केल्या, चांगल्या हालवल्या आन निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. (दोघायच्याही नकली असू शकते, हे दोघायच्याही डोक्यात आलं नाई.)

पुढच्या तपासणीले धर्मपालनं हे मोठ्या ऐटीत सांगतलं. जगातल्या एवढ्या डाक्टरायले जे सुचलं नाई ते आपण केलं, आता शाल-नारळ भेटन, असं त्याले वाटलं. दामिनीबाईनं कपाळाले हात लावला, मोनालीकडं पाह्यलं आन दोघी तोंड दाबून बाहेर गेल्या. परत आल्यावर डोळे पुसत सांगतलं, की आमची माहिती आता कोणाच्याच कामाची नाई, हे वरपर्यंत कळवावं लागन, आन गोळी बंद. धर्मपाल हासला. मले हासू आलं नाई, मले तिथंच खुर्चीत बसून रडू आलं, कारण मी त्या गोळीच्याच भरोशावर होतो. बाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "काका, हे लवकर सापडलं तर माणूस यातून मागं फिरू शकतो. गोळी हा त्यातला एक रस्ता झाला."

दुसरा रस्ता त्याच दवाखान्यात निघाला. जेवण आन चालणं याचं बी संशोधन तिथं चालू हाय, आन त्यात माणसं जोडीनं घेतात, कारण एकटा माणूस चार दिवसांत ढिला पडते. काही दिवस थांबवून आमाले तिकडं घेतो म्हटलं. धर्मपालनं लगेच बायकोले जोडीदार केलं. (तिची कंबर त्याच्याहून सवाई निघाली.) माणिकचं सारं नॉर्मल आलं, आन ते ती मले रोज जेवताना ऐकवते. म्हणून सध्या मी एकटाच चालून राहिलो. तरी जुन्या सदऱ्याची गुंडी लागते, आन घरून विहिरीपर्यंत दम न खाता जातो. रोडगे सोडले नाई, तूप कमी केलं. (तुमी रोडगा तुपात बुडवता का तूप रोडग्यात, हे आमाले अजून उमजलं नाई, पण ते राहू द्या.) खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी मले पुढच्या वर्षाचं बोलावंसं वाटून राहिलं.

लेकराबाळायले आशीर्वाद, ताईले नमस्कार.

तुमचा साळा,
सूर्यभान

ता. क. : जोडीदार दुसऱ्या गावचा बी चालते. आपापल्या गावात चालायचं आन रोज फोनवर एकमेकाले जाब द्यायचा. तुमचं नाव मी सांगून ठेवलं हाय. आधी तपासणी होईन, आन सही तुमचीच लागन, हे बाईनं ठणकावून सांगतलं. पुढच्या मंगळवारी अमरावतीच्या स्टँडवर मी तुमच्या अकोल्याच्या गाडीची वाट पाह्यतो.

ता. क. दुसरा : हे पत्र ताईले दाखवू नका, तिनं तुमाले सांगू नको म्हटलं होतं. परवा तुमी अंगणात बसले आन कितीक वेळ उठले नाई, आन मंग ऊन लागलं म्हणून सांगतलं. भाऊजी, परवा दिवसभर आभाळ होतं. मले भेव लागून राहिलं. या.