एकशे एक्केचाळिसाव्या किलोमीटरवरचं पातेलं

एल सालित्रेची वाडी,
मंगळवार, सकाळचं दूध घालून आल्यावर

आदरणीय एवारिस्तोमामा,

नेल्सीचा वाकून नमस्कार. चिकिनकिराच्या माउलीच्या कृपेने आम्ही इथे बरे आहोत. बोगोताच्या धुरात तुमचा खोकला कसा आहे ते कळवावं. पहाटे इमारतीच्या फाटकाशी बसताना रुआना दुहेरी घेत जा, एकेरी घोंगडीने छाती धरते, असं आईने सांगितलं आहे. गुडघ्यांसाठी तिने निलगिरीचा पाला वाळवून ठेवला आहे, तो दुधाच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवते. मागच्या पत्रात तुम्ही गाईंची, बटाट्यांची आणि आमच्याकडे ठेवलेल्या तुमच्या डुकराची चौकशी केली होती. गाई बऱ्या आहेत. बटाट्यांना भाव नाही, पण बटाटे बरे आहेत. डुकराबद्दल शेवटी लिहिते. (क्रम सोडून लिहिणं मला जमत नाही, हा शिक्षणाचा दोष समजावा.)

तर सरळच लिहिते. तुमची सायकल मी काढली. कोठीच्या तुळईला अकरा वर्षं टांगलेली, प्लास्टिकात गुंडाळलेली, जिच्याखालून जाताना आम्ही लहानपणी देव्हाऱ्यासमोरून जावं तसे गप्प व्हायचो, तीच. विचारून काढली नाही, आणि माफीही मागणार नाही. कारण माझ्या पदवीच्या मेजवानीत तुम्ही बाकावर उभे राहून, हातात बिअर घेऊन, बेचाळीस माणसं आणि पाद्रीबाबांसमक्ष म्हणाला होतात, की घरातला जो कुणी दोनशे किलोमीटरचं कार्ड सगळ्या शिक्क्यांनिशी माझ्यासमोर टाकेल, त्याची ही सायकल. मी तिथल्या तिथे हात वर केला होता. तुम्ही म्हणालात, "पोरी, तू शिकलीस ना? मग आता बसने जा!" सगळे हसले. मेजवानी माझीच असल्यामुळे मलाही हसावं लागलं. ते हसू चौदा महिने घशात अडकून होतं. मी शाळेत सतरा मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, त्यांत नऊ मुली आहेत. नियम दगडाला आणि पिसाला सारखाच लागू असतो असं मी त्यांना फळ्यावर लिहून देते. तो मामाच्या सायकलीला लागू नसेल, तर मी फळा पुसून घरी बसलेलं बरं.

सायकल खाली घेतली तेव्हा तिची अवस्था पाहून मी थक्क झाले. साखळीला तेल, चाकांत हवा, गंजाचा ठिपका नाही. जुन्या पोलादाची गोष्टच वेगळी, असं तुम्ही म्हणायचात ते पटलं. फक्त सीट तुमच्या लांब पायांच्या मानाने वीतभर खाली बसली होती. मी विचार केला, की अकरा वर्षं गुरुत्वाकर्षण एकाच दिशेने ओढत राहिलं तर सीटची नळी हळूहळू खाली सरकणारच. (वर्गात हे उदाहरण मी दिलंसुद्धा. मुलींनी वहीत उतरवून घेतलं.) नट मात्र इतका आवळलेला होता की माझ्याने हलला नाही, म्हणून सीट तशीच ठेवून मी सराव केला आणि गुडघे हनुवटीला लावत दोनशे किलोमीटर गेले. हे मुद्दाम सांगते, कारण उद्या तुम्ही म्हणाल, सायकल चांगली होती म्हणून जमलं.

हा प्रकार शर्यत नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण काकवा-मावश्यांना पत्र वाचून दाखवाल म्हणून लिहिते. यात पहिला-दुसरा कुणी नसतो. पहाटे पाच वाजता पाइपा गावाच्या चौकातून निघायचं, ठरलेल्या गावांत कार्डावर शिक्के घ्यायचे आणि साडेतेरा तासांत, म्हणजे संध्याकाळी साडेसहाच्या आत, चौकात परत यायचं. घरच्यांची मदत फक्त शिक्क्याच्या ठिकाणी घेता येते, अध्येमध्ये नाही. मी नियमावली सात वेळा वाचली. आठव्या वेळी आईला वाचून दाखवली. ती शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "हं." मग सगळ्या शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "आपल्या घाटात तिसऱ्या वळणावर उजव्या कडेने जा. डावीकडे वारा तोंडावर येतो. आणि घाट संपला की पाय कापतात, तिथे पोटात गरम पाहिजे." मला वाटलं, गाई वळायला त्या बाजूला जात असेल, तेव्हा पाहिलं असेल. आयांना कळतं.

चौकात आम्ही त्रेसष्ट जण होतो, त्यांत बायका चार. पुरुषांच्या सायकली एका बोटाने उचलता येतील अशा. माझी पाहून एक जण म्हणाला, "डॉक्टर, संग्रहालयवाल्यांना सांगून आणलीत ना?" (पदवी मिळाल्यापासून सगळा मुलूख मला डॉक्टर म्हणतो. मागच्या आठवड्यात दोन म्हाताऱ्यांनी दाढ दाखवली.) सायकल मंडळाचे अध्यक्ष आणि पंचही तेच, असे उबाल्दोसाहेब मोटरसायकलवर बसून कार्डं वाटत होते. त्यांनी सायकल ओळखली. म्हणाले, "ही तर एवारिस्तोची! उतारावर ब्रेक धरायचा तो एवारिस्तो!" मामा, तुमचं दोनशे अर्ध्यावर सुटलं ते पंक्चरमुळे, असं तुम्ही आम्हाला घरी सांगितलं आहे. मी त्यांना तसंच सांगितलं. ते हसले, आणि पुढच्याचं कार्ड काढायला लागले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

पहिले शंभर किलोमीटर मी तुमची भाची शोभेन अशी गेले. थंडीने बोटं गेली, मग उन्हाने नाक गेलं. दुसऱ्या शिक्क्याच्या बेकरीत मालकीणबाईंनी पाव खाल्ल्याशिवाय शिक्का मारायला नकार दिला, आणि पाव खाल्ल्यावर त्यांचा जावई किती आळशी आहे ते ऐकल्याशिवाय कार्ड परत द्यायला नकार दिला, त्यात सतरा मिनिटं गेली, ती मी पेरूची वडी चघळत सपाटीवर भरून काढली. आपला घाट मी उजव्या कडेने चढले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एकशे चाळिसावा किलोमीटर संपला तेव्हा माझ्यापुढे तीस जण होते, मागे बत्तीस, आणि उरलेल्या साठ किलोमीटरसाठी हातात चार तास वीस मिनिटं. मामा, मी पोचलेच होते. मनात मी तुमच्यासमोर कार्ड टाकलंही होतं.

एकशे एक्केचाळिसाव्या किलोमीटरवर, आपल्या वाटेच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला तीन दगडांवर पातेलं होतं. बटाटे काढायला माणसं येतात तेव्हाचं, चाळीस लिटरचं. आत कुचुको रटरटत होता, गव्हाचा भरडा, वाल, आणि कण्याची अशी हाडं की वास घाटाखाली जावा. मागे आई, रविवारची हॅट घालून. मी लांबूनच ओरडले, "आई, नियम!" ती म्हणाली, "नियम निवतील, आधी हे घे," आणि वाडगा माझ्या हातात आला. त्याच क्षणी वळणावर मोटरसायकल दिसली.

आपल्या मुलखात कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतात, तेव्हा उबाल्दोसाहेबांनी हॅट काढूनच मला बाद केलं. म्हणाले, "बाईसाहेब, क्षमा असावी, पण मधल्या रस्त्यावर घरच्यांची मदत चालत नाही. वाटेत कुणी काही दिलंच तर ते सगळ्यांना दिलेलं पाहिजे." मग माझ्याजवळ येऊन हळूच बोलले, "डॉक्टर, ह्या बाईंना आपण ओळखत नाही, एवढंच म्हणा. मी पुढे जातो." भला माणूस आहे, हे मी मान्य करते. मी आईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं, आणि पळीने पातेलं ढवळत ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मी म्हटलं, ही माझी आई आहे, पातेलं आमचं आहे, आणि तुमच्या कार्डासाठी मी दोघांपैकी एकालाही नाकारणार नाही.

उबाल्दोसाहेब उसासा टाकून लाल शिक्का शोधायला लागले. तेव्हा आई म्हणाली, "पण हे तिचं एकटीचं आहे असं कोण म्हणालं? चाळीस लिटर आहे. ती काय गाय आहे?"

"आणि जे तीस जण पुढे गेले, त्यांचं काय बाईसाहेब?"

"त्यांना मी हाक मारली होती. थांबले नाहीत. त्यांच्या आयांनी वळण लावलं नाही, त्याला मी काय करू?"

उबाल्दोसाहेबांनी नियमावली काढली. वाचली. मग पातेल्यात पाहिलं, आणि नियमावलीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. शेवटी निकाल दिला, की मागच्या बत्तीस जणांना, एकही न वगळता, वाडगा मिळाला तर ही मदत सर्वांसाठी होती असं धरता येईल, पण तोवर माझं कार्ड त्यांच्याकडे राहील. ते त्यांनी स्वतःच्या वाडग्याखाली ठेवलं. (दोन वाडगे खाल्ले. कार्डावर जो गोल डाग आहे तो शिक्का नाही.)

मामा, बत्तीस माणसं होती आणि वाडगे नऊ. वाढायला आई, विसळायला मी. आलेला माणूस आधी म्हणायचा, नको, वेळ नाही. मग वास यायचा. मग सायकल कुंपणाला टेकायची, मग बूट निघायचे. सकाळी मला संग्रहालय विचारणारा तिसऱ्यांदा वाडगा पुढे करून म्हणाला, "डॉक्टर, तेवढं हाड बघून घाला." मी हाड बघून घातलं. रागाने घातलं, पण बघून घातलं. शेवटचा माणूस चार वाजता आला, एका हाताने पोट धरून, आणि त्याला भूक नव्हती. आईने त्याला चमच्याने भरवलं. चार वाजून दोन मिनिटांनी कार्ड माझ्या हातात पडलं.

उरलेले साठ किलोमीटर मी दोन तास एकोणचाळीस मिनिटांत काढले. तुमच्या उमेदीत तुम्हाला तरी जमलं असतं का, हे हात छातीवर ठेवून सांगा. वाटेत मी जेवलेल्या एकवीस जणांना मागे टाकलं. काही हळूहळू पायडल मारत गाणी म्हणत होते, दोघे झाडाखाली झोपले होते. चौकात पोचले तेव्हा घड्याळात सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं उशीर. माझ्यामागून ते एकवीस आले, तेही उशिरा, पण एकानेही कुचुकोला दोष दिला नाही. उलट चौकातलं घड्याळ पुढे आहे असा अर्ज लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. मी केली नाही. घड्याळ बरोबर होतं. मी खोटं लिहून वेळेत येणार नाही.

तेव्हा माझ्या कार्डावर पाच शिक्के आहेत, आणि सहावा लाल, "वेळेबाहेर". ते ह्या पत्रासोबत तुमच्यासमोर टाकत आहे. तुम्ही शिक्के म्हणाला होतात. घड्याळाचं नाव तुम्ही काढलं नव्हतं, बेचाळीस साक्षीदार आहेत, पाद्रीबाबा तर बिअर पीत नाहीत. सायकल माझी आहे. ती उशिराची अकरा मिनिटं मी आईच्या पातेल्याशी उभी राहून घालवली आहेत. तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा घालवीन, आणि तुम्ही पुन्हा बाकावर चढलात तर मी पुन्हा हात वर करीन.

तुमच्या प्रकृतीची काळजी घ्यावी. आशीर्वाद असू द्यावा, सायकलीसकट.

तुमची भाची,
नेल्सी

ता.क. : डुकराबद्दल. ते अतिशय चांगलं होतं. हे माझं एकटीचं नव्हे, तेहेतीस जणांचं मत आहे, त्यांत एक पंच. आईने ते शुक्रवारीच कापलं होतं, म्हणजे मी रविवारी पातेल्यापाशी तिला नियम समजावत होते तेव्हा तिचा निर्णय दोन दिवस जुना होता. उबाल्दोसाहेबांनी निरोप दिला आहे, की पुढच्या वर्षीपासून एकशे एक्केचाळिसाव्या किलोमीटरवर मंडळाचा अधिकृत शिक्का असेल आणि तो आईच्या हातात राहील. डिसेंबरसाठी तुम्ही दुसरं डुक्कर घ्यावं. एक थोडं मोठं.

ता.क. दुसरा : पत्र बंद करण्याआधी आईला वाचून दाखवलं. गुरुत्वाकर्षणापाशी ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मामा, सायकल अकरा वर्षं टांगलेली नव्हती. दर रविवारी दूध काढून झालं की ती सायकल उतरवते, रुआना घालून घाट उतरते, तळ्याला वळसा घालून घाट चढून प्रार्थनेच्या घंटेआधी परत येते, आणि प्लास्टिक होतं तसं गुंडाळून ठेवते. अडतीस किलोमीटर. मी रात्रभर कागदावर मांडलं, एकवीस हजार भरले. म्हणजे अर्ध्या पृथ्वीला वळसा झाला, आणि आपल्यापैकी कुणालाही पत्ता नाही. तेव्हा वर लिहिलेला माझा हक्क मी मागे घेते (पण तुमच्यासाठी नव्हे). सायकल आईच्या नावावर करून तसा कागद सहीनिशी पाठवावा. आणि पत्राचं खरं काम हे, की तुमच्या इमारतीच्या तळघरात चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांची सायकल गंजते आहे असं तुम्ही नाताळात म्हणाला होतात. ती माझ्यासाठी मागून बघावी. एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरला, असं म्हणावं. पुढचं दोनशे किलोमीटर सहा आठवड्यांनी आहे, आणि तेही रविवारीच आहे. एक रविवार दिला, आता रविवारी आई तिची पुन्हा देणार नाही म्हणते.

ता.क. तिसरा, आईच्या हातचा (तिसरीपर्यंत शिकली आहे, अक्षर सांभाळून घ्यावं) :

एवारिस्तो, सीट मी खाली केली. वर करणार नाही.
ताई