एक गाणं, दोन गळे

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दोन महिने तुझं पत्र नाही. म्हणजे एक तर तू माझ्यावर रागावली आहेस, नाहीतर दुकानात गिऱ्हाईकं वाढली आहेत. दुसरं असेल तर आनंद आहे. पहिलं असेल तर कारण कळव, म्हणजे मला व्यवस्थित माफी मागता येईल.

इकडची बातमी अशी की मला रेडिओ केंद्राच्या तळघरातून वर काढलं आहे. दोन वर्षं तिथं बसून जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घेता घेता मी शिंकणं हाच व्यवसाय समजू लागले होते. आता रविवारी दुपारी अर्धा तास माझा स्वतःचा कार्यक्रम. एकच गाणं दोनदा लावायचं. आधी मूळ, मग नंतर कुणीतरी गायलेलं. कोणतं आवडलं ते ऐकणाऱ्यांनी पत्रानं कळवायचं. साहेब म्हणाले की त्या वेळी कुणीच रेडिओ ऐकत नाही, त्यामुळे माझ्या हातून फारसं नुकसान होणार नाही. याला ते प्रोत्साहन म्हणतात.

आपल्या घरात या विषयाची न्यायाधीश तूच. लग्नाच्या पंगतीत बसून, मागे वाजणाऱ्या गाण्याची चाल कुठून उचलली आहे ते तू घास न थांबवता सांगायचीस. शिवाय दिवसभर तू लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत, हे स्पष्ट की हे, असंच तर विचारत असतेस. म्हणून सोबत एक सीडी पाठवते आहे. सहा जोड्या आहेत. नावं मुद्दामच लिहिली नाहीत, फक्त अ आणि ब. मूळ कोणतं आणि सरस कोणतं, दोन्ही लिही. फोन करणार होते, पण तू तो उचलत नाहीस.

बाबा मजेत. आईचा घसा अधूनमधून धरतो, बाकी ठीक. या उद्योगात तिला ओढू नये असं तिनं बजावलं आहे.

आहे त्या लोभात भर पडली तर हवीच आहे.
तुझी,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नव्हते. नवं यंत्र आलं आहे, त्यात हनुवटी ठेवली की डोळ्याचा नंबर आपोआप निघतो. ते शिकण्यात दोन महिने गेले. यंत्र हुशार आहे, पण गिऱ्हाइकाशी बोलत नाही. लोक अर्धे बोलायलाच येतात.

फोन मी का उचलत नाही ते तुला ठाऊक आहे. माझ्या हॅलोवर निम्मे लोक, काय गं ताई, म्हणून सुरू होतात. पन्नाशी उलटली तरी मी फोनवर तुझी आईच आहे. पत्रात निदान अक्षर तरी माझं असतं.

आता निकाल. पहिल्या जोडीत मूळ ब. त्या गृहस्थाला कसलीही घाई नाही. अ मधला गॅसवर दूध ठेवून आल्यासारखा गातो. दुसरीत मूळ अ, आणि सरसही तेच. तिसरीत मूळ अ, पण नक्कल जास्त चांगली आहे. हे लिहिताना माझा हात दुखला, तरी लिहिलं, कारण खोटा नंबर काढून देणं माझ्या धंद्यात बसत नाही. चौथीत दोन्ही वाईट. मूळ ब आहे, एवढाच त्याचा अपराध जास्त. पाचवीत मूळ अ. ब मधल्या मुलीनं प्रत्येक सुराला इतकी झालर लावली आहे की आत पडदा आहे की नाही ते कळत नाही.

आणि सहावी. तू स्वतःला फार शहाणी समजतेस. 'उशीर झाला तरी ये' तू कुठून तरी उकरून काढणार हे मला सीडी बघताच कळायला हवं होतं. पण एक कबूल करते. रेकॉर्डिंगआधी केंद्रानं घेतलेली माझी ती चाचणी कुणी जपून ठेवली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ऐक तर. अ म्हणजे मी. त्यात शंकेला जागा नाही. 'तरी'च्या आधी श्वास घेतलेला नाही, कारण बोलावणारं माणूस मध्येच थांबत नाही. 'ये' अगदी हलकं सोडलंय, दार उघडं ठेवल्यासारखं. ब म्हणजे तुझी आई. 'तरी'च्या आधी जो श्वास आहे तो गाण्यासाठी नाही, आपल्या गाण्याच्या बाई खूश दिसतायत का ते बघण्यासाठी आहे. आणि 'ये' किती लांबवलंय! त्यात कुणाला बोलावणं नाही, आपला दम दाखवणं आहे. गाणं मला समजलं होतं. तिनं ते पाठ केलं होतं. बत्तीस वर्षं लोक ताईचं गाणं म्हणून जे ऐकत आले ते हेच. मी काही बोलत नाही, तूच तुलना कर.

तिच्या घशाला गरम पाण्याच्या गुळण्या सांग. मी सांगितलं म्हणू नकोस.

माया आहे तशीच आहे, फक्त अशा सीड्या पाठवून तिची परीक्षा बघू नये.
तुझी,
मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा लिहितेय तेव्हा सरळच सांगते.

पाचही जोड्या तू बरोबर ओळखल्यास. साहेबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं, झालरीचं वाक्य कार्यक्रमात वाचायची परवानगी मागतायत.

सहावी चुकली.

तळघरात मला दोन डबे शेजारी शेजारी मिळाले. गाणं एकच, वाजवणारे तेच, खोली तीच. एकावर चाचणी असा शिक्का आणि तुझं नाव. दुसऱ्यावर आठ दिवसांनंतरची तारीख आणि आईचं नाव. मी केंद्राची जुनी वही काढून पडताळलं. अ हे आईचं आहे. ब तुझं.

मावशी, हे मी तुला पकडायला केलं नव्हतं. मला वाटलं होतं, तू स्वतःचा विशीतला आवाज ओळखशील, खूश होशील, आणि मग मी तो कार्यक्रमात लावायची परवानगी मागेन.

आणखी एक सांगायचं आहे. मी ते आईलाही काही न सांगता ऐकवलं. ती भाजी चिरत होती. अ संपेपर्यंत तिची सुरी हलली नाही. मग म्हणाली की ही छोटी, म्हणजे तू, असं फक्त तिलाच जमायचं. ब ऐकून म्हणाली की हे आपलं, आपण घाबरलो होतो ते श्वासात कळतंय. मी खरं सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. मी डबे उलटसुलट केले म्हणाली, आणि लहानपणी मी चपला कशा उलट्या घालायचे ते बाबांना सांगत बसली.

म्हणजे तुम्ही दोघी एकाच बाजूनं चुकलात. यावर हसावं की काय करावं ते मला कळत नाही. रागावलीस तरी लिही.

जेवढा लोभ उरला असेल तेवढा असू दे.
तुझी,
भिंगरी


२ मार्च

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या भाचीला तुझं उत्तर नाही म्हणून ती रोज टपालपेटी उघडून बघते आणि मग माझ्याकडे मीच ती रिकामी केल्यासारखी बघते. शेवटी म्हटलं आपणच लिहावं. लग्नकार्यात भेटून उकाडा फार आहे, एवढंच किती वर्षं बोलायचं.

डब्यांवरची नावं मी केंद्रात जाऊन डोळ्यांनी पाहिली. पोरीचं खरं आहे. तरीही मला आतून पटत नाही. बत्तीस वर्षं मी असं धरून चालले की तू गायलेलं खरं आणि मी वेळ मारून नेली. कुणी त्या गाण्याचं कौतुक केलं की मी विषय बदलायची. तुझे भाऊजी त्याला विनय म्हणतात. तो विनय नव्हता, दुसऱ्याची साडी नेसून समारंभाला गेल्यावर जसं अवघडतं तसं होतं.

एक मात्र आज विचारते. रेकॉर्डिंगच्या दिवशी तुझा घसा पार बसला होता. बाईंचा निरोप आला की छोटीला जमत नसेल तर मोठीनं यावं. मी तुझ्या खाटेशी येऊन जाऊ का म्हणून विचारलं. तुला बोलता येत नव्हतं, म्हणून तू वहीच्या पानावर लिहिलंस: जा. आणि मी गेले. परत आले तर तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली, आणि त्यानंतर ते तोंड नीटसं वळलंच नाही. तू स्वतः जा म्हणालीस आणि मग रागावलीस, याचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही.

बाकी सर्व क्षेम. गुळण्या चालू आहेत. सल्ला कुणाचा ते मला कळलं.

मोठेपणाचा मान राहू दे, पण जरा कमी लांबून.
तुझी,
ताई

ता. क. गळ्यात एक गाठ आहे. वीस तारखेला ऑपरेशन. गाठ साधी आहे, पण आवाजाची नस तिला चिकटून जाते, म्हणून नंतर आवाज कसा राहील ते डॉक्टर आधी सांगत नाहीत. तुला कळवू नये असं मीच पोरीला सांगितलं होतं, तिच्यावर रागावू नकोस.


६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

गळ्याची गाठ ता. क. मध्ये लिहितात का? तिथं लोक लोणच्याची बरणी परत पाठवा असं लिहितात.

त्या पानावर मी जा लिहिलं ते, जा, चालती हो, अशा अर्थानं. तू त्याचा अर्थ, जा आणि गा, असा घेतलास. पुढे एक उद्गारचिन्ह टाकलं असतं तर बत्तीस वर्षं वाचली असती. काल दुकानात हे आठवून मला इतकं हसू आलं की समोरच्या आजोबांना वाटलं ते अक्षरं चुकीची वाचतायत. ते बिचारे चष्मा न घेताच उठत होते.

अ मी अकरा वेळा ऐकलं. चौथ्या वेळी मला तू ऐकू आलीस. 'उशीर' मधला श तू लहानपणापासून जरा जिभेवर ठेवतेस. तो माझा नाही. पुढच्या सात वेळा मी फक्त ऐकलं. ताई, मला तुझ्या जाण्याचा राग होता हे खरं, पण तो महिनाभरात विरला असता. ते गाणं रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हा मी उठून खोलीबाहेर गेले होते. ते चांगलं असेल तर, या भीतीनं. त्यानंतर कधी पूर्ण ऐकलंच नाही. न ऐकता बत्तीस वर्षं नावं ठेवली. गिऱ्हाईक न बघता नंबर काढून दिला म्हण.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. दुकानाला कुलूप, यंत्रावर चादर. माझ्यासाठी काही वेगळं करू नकोस, उकाड्याविषयी बोलू नकोस म्हणजे झालं.

धाकटेपण अजून शाबूत आहे, ते सांभाळून घे.
तुझी,
छोटी


३ एप्रिल

ती. आईस व मावशीस,
दोघींना मिळून एकच सा. न., वाटून घ्या.

आई, तुला बोलायला बंदी आहे, म्हणून मावशी हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवेल असं गृहीत धरते. तुला तिच्या घरी नेलं ते बरंच झालं. इथं भेटायला येणारे तू बोलू नकोस म्हणत आणि मग एकेक प्रश्न विचारत.

रविवारी तुमचा कार्यक्रम झाला. आधी अ, मग ब, आणि शेवटी ऑपरेशनच्या दोन दिवस आधी तुम्ही दोघींनी आमच्या स्टुडिओत मिळून गायलेलं. मला सगळ्यांनी विचारलं की मधलं भांडण कापलं का नाही. नाही कापलं. मावशी 'तरी'च्या आधी श्वास घेते, आई कोपरानं ढोसते, मावशी गाणं थांबवून विचारते की माणसानं मरावं का, आणि मग दोघी 'ये' एकदम म्हणता. ते कापायचं म्हणजे गाणंच कापायचं.

निकाल ऐका. त्रेचाळीस पत्रं आली. साहेबांच्या मते त्या वेळी रेडिओ ऐकणाऱ्यांपेक्षा ही संख्या जास्त आहे. चोवीस आईला, सोळा मावशीला. तुम्हा दोघींना मिळून तीन. त्यातलं एक बाबांचं आहे, डाव्या हातानं लिहिलेलं. एक निवृत्त पोस्टमास्तर लिहितात की दोन बायकांनी एका चांगल्या गाण्याचं वाटोळं केलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा लावता येईल का.

बाबा रोज स्वयंपाक करतात. त्याची तुलना करण्याजोगं मूळ घरात नसल्यामुळे मी गप्प जेवते.

दोघींचा लोभ एकत्र करून पाठवला तर टपाल वाचेल.
तुमची,
भिंगरी


११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या आज्ञेवरून मी लिहिते आहे. ती शेजारी बसून शुद्धलेखन तपासते आहे.

निकाल वाचून दाखवला. चोवीसला तिनं मान खाली घातली. सोळाला माझ्याकडे बघून भुवई उडवली. तीनला तिला हसू आलं, पण हसायलाही बंदी, म्हणून उशी तोंडावर धरून बसली. पोस्टमास्तरांचा पत्ता पाठव, मला त्यांना फुकट चष्मा द्यायचा आहे. त्यांच्या कानांना काही झालेलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

तीन आठवडे ही घरात मुकी आणि मी एकटी बोलणारी. पहिले चार दिवस मला सुख वाटलं. पाचव्या दिवशी मी चहा ठेवता ठेवता विचारलं की साखर किती, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिले. पाणी आटून गेलं. भिंगरी, मी त्या दिवशी फार घाबरले होते, ते तुला तेव्हा लिहिलं नाही.

काल डॉक्टरांनी बोलायला सांगितलं. मी दाराशी उभी होते. त्यांनी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग आम्ही घरी आलो, आणि मी हातपाय धुताना ते आपलं गाणं गुणगुणत होते तर आतून आवाज आला की पट्टी चुकली.

आवाज बदललाय. जाड झालाय, वर जाताना फाटतो. गाणं पूर्वीसारखं होईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. संध्याकाळी तुझे बाबा, शेजारच्या काकू, दुकानातली दोन जुनी गिऱ्हाईकं, सगळ्यांचे फोन आले. हल्ली मी तो उचलते. सगळ्यांचा एकच प्रश्न. पहिल्यासारखा आहे का? मी याबाबतीत प्रसिद्ध आहे, म्हणून मलाच विचारतात. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

पहिला कसा होता ते मला काही आठवत नाही, असं मी प्रत्येकाला सांगितलं.

तुझ्यावरचं प्रेम दोघींचं मिळून पाठवत आहोत, वेगवेगळं करू नये.
तुझी,
मावशी