मेंढ्याचं डोकं कुणापुढे

ताराझ, १४ ऑक्टोबर

प्रिय मिर्झा भावजी,

गुरंढोरं, माणसं खुशाल असतीलच. अल्मातीत गुरं नसतात, तेव्हा माणसांपुरतंच विचारते. इकडे थंडी पडली. सफरचंदं उतरवून झाली. मामंजींची तब्येत उत्तम आहे. सकाळी दुधाचा चहा पितात, शेजाऱ्याच्या कुत्र्याला शिव्या देतात आणि विचारणाऱ्याला सांगतात, "मी तर वारलो."

तुमचं पत्र पोचलं. मामंजींनी तुमच्या लेकीच्या लग्नाला यायचं नाकारलंय आणि वधूच्या आजोबांची मानाची जागा रिकामी दिसली तर व्याही तोंडावर हसतील, ही तुमची चिंता समजली. "वहिनी, मेंढ्याचं डोकं चुकून माझ्यापुढे ठेवलं गेलं एवढंच बाबांना सांग," असं तुम्ही लिहिता. किती साधं मागणं!

आधी तुमच्या पुस्तकाबद्दल बोलू. त्याच्या मेजवानीच्या गडबडीत अभिनंदन राहूनच गेलं.

पुस्तक मी पूर्ण वाचलं. इंग्रजी शब्द अख्खा गिळू नका, मेंढ्यासारखा सांध्यावर कापा, सुरी हाडावर चालवू नका, हे पहिलंच वाक्य फार आवडलं. माझ्या वर्गात, पाठीमागच्या बाकावर बसून तुम्ही ते ऐकलंत तेव्हा आवडलं नव्हतं, जांभया देत होतात. आणि तो तिसरा धडा! 'वॉटर' वाक्यात एका जागी बसला की पाणी, दुसऱ्या जागी बसला की झाडांना पाणी घालणं. कुठला तुकडा कुणाला द्यायचा हे पंगतीत कोण कोण बसलंय त्यावर ठरतं, तसंच शब्दाचंही. म्हणून आधी शेजारी कोण आहे ते बघा. वा! माझी सगळी नोकरी त्या वाक्यात उतरलीय, फक्त माझं नाव उतरलेलं नाही. प्रस्तावनेत 'घरातील स्त्रियांच्या स्वयंपाकाचे' आभार मात्र आहेत.

उदाहरणंही तीच. 'माझ्या सासूनं सूपमध्ये पुन्हा मीठ घातलं.' इंग्रजीत 'रीसॉल्टेड': 'री' म्हणजे पुन्हा, 'सॉल्ट' म्हणजे मीठ, शेवटचा 'एड' म्हणजे झालेली गोष्ट. भावजी, ती सासू माझी. मी पाठ फिरवली की मीठ घालायची. म्हणजे तुमची आई. स्वतःच्या सख्ख्या आईला सासू करून छापणारा विद्वान आपल्या घराण्यात पहिलाच.

माझं नाव का नाही, हे मी तेव्हाच विचारलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, "अगं वहिनी, पद्धत ही काय कुणाची मालकी असते? आणि तुझं नाव ओळखतं कोण?"

तुमचे दादा गेल्यापासून मला असलं ऐकून घ्यायची सवय आहे. धाकट्यानं आईबापाचं घर सांभाळायचं ही आपल्याकडची रीत. तुम्ही अल्माती सांभाळलीत, घर मी. म्हणून पुस्तकाची मेजवानीही माझ्याच अंगणात झाली.

आता त्या चुकीबद्दल. मामंजी हात धुवायला गेले होते. पंगतीत तुमचे प्राचार्य होते, राजधानीचे पाहुणे होते. आतून ताट आलं, उकडलेलं डोकं तुमच्याकडे तोंड करून. ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं काय म्हणायचं असतं? "माझे वडील आहेत, त्यांच्यापुढे ठेवा." मेंढपाळाच्या पोरालाही येतं. तुम्ही सुरी उचललीत, म्हणजे बाप नाहीच. वर कान कापून प्राचार्यांच्या ताटात घातलात! कान पोरांना देतात, वडिलांचं ऐकावं म्हणून. प्राचार्यांनी तो खाल्ला, साहेबमाणूस. सगळी पंगत चघळायची थांबली आणि दारात मामंजी उभे, हातावरचं पाणी टपटप गळतंय.

"चालू दे," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाचं कशाला थांबवता?"

तिसरा धडा लिहिणाऱ्यानं शेजारी कोण बसतं तेवढंच बघितलं नाही.

रात्री भांडी आवरताना मामंजींनी मला विचारलं, "सूनबाई, ताट कुणी लावलं?"

"मी."

"आणि मला गरम पाणी घ्या, गरम पाणी घ्या म्हणून परसात कुणी अडकवून ठेवलं?"

"मीच."

दाढी कुरवाळत म्हणाले, "ताट तू लावलंस. सुरी तुझ्या हातात नव्हती."

तेव्हा भावजी, चूक झाली असं मी कसं सांगू? खोटं होईल. आणि ते त्यांना ठाऊकही आहे.

पोरीची काळजी नको. तिचा काही दोष नाही. तिला त्यांनी फोनवर मनापासून आशीर्वाद दिलाय. राहिली फक्त ती रिकामी जागा. दुसरी आवृत्ती छापायला चाललीय असं ऐकते. तिच्यावर माझं नाव आलं, वरती, एकटं, तर पहिली प्रत मी मामंजींच्या हातात ठेवीन. ते म्हणालेत, "नाव वाचून दाखव, मग बघू मी जिवंत होतो का." त्यांचा नवा कोट मी इस्त्री करून ठेवलाय. अल्मातीची गाडी रोज संध्याकाळी सुटते.

आणखी एक. सुनेनं सासरच्या माणसाचं नाव घेऊ नये म्हणून लग्न होऊन आले त्या दिवशी मी तुला 'मिर्झा' हे मानाचं नाव दिलं, आणि आजवर तुझं नाव माझ्या तोंडी आलं नाही. तो मान दिराचा होता. चोराला कुणी मानाचं नाव ठेवत नाही, येल्दोस.

वाट बघते, पत्राची नाही, पुस्तकाची.

कामशात
(मुखपृष्ठावर असंच लिहायचं.)