फेआओ खोक्यातून आला

प्रिय ब्रिजेट,

पत्र लिहायची सवय सुटली आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन दोनदा उचलला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन, माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. काल रात्रभर मी नुसती बसून होते, जेवले की नाही तेही आठवत नाही. पण क्रमानं सांगते, नाहीतर तुला काहीच उलगडणार नाही.

होबार्टला तू मला विमानात बसवून दिलंस तेव्हा फेआओ माझ्या मांडीवर होता. त्याच्या राखेची ती लाकडी पेटी तू तुझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली होतीस. सिडनीला विमान बदललं, ऑकलंडला बदललं, मी ते खोकं एकदाही जमिनीवर टेकवलं नाही. आणि टोंगात उतरल्यावर पाच मिनिटांत ते माझ्या हातून गेलं. कारण घरी मी सांगितलंच नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाले होते की फेआओला घेऊन येते. मग काय, विमानतळाबाहेर अख्खं गाव काळे कपडे घालून, कमरेला सुतकाच्या चटया गुंडाळून उभं. चर्चचा मोठा ट्रक आणलेला, त्यावर शवपेटीसाठी आईनं स्वतः विणलेल्या चटया अंथरलेल्या. आमचा चुलत भाऊ माका धावत आला आणि त्यानं खोकं माझ्या हातून घेतलं. "मांसाचे डबे का गं? भाऊ गेला तरी तुझी खरेदी काही सुटत नाही!" परदेशातून येणारं प्रत्येक माणूस इथे खोकी घेऊनच येतं, त्याला तरी काय कळणार? त्यानं ते ट्रकच्या कडेला ठेवलं आणि त्यावर बसून शवपेटीची वाट बघू लागला.

ब्रिजेट, माझ्या भावावर कुणीतरी बसलंय हे मला दिसत होतं आणि मी पासपोर्ट पर्समध्ये घालत उभी होते. आत्या वाइमोआनानं दोनदा विचारलं, "अगं, शवपेटी कधी बाहेर काढणार?" मी नुसतं बोट दाखवलं. "माका, ऊठ," एवढंच तोंडातून निघालं. तो उठला, आपण कुणाच्या टोपीवर बसलो की काय म्हणून खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माका डुकराचं मुंडकं हसत हसत तोडणारा माणूस आहे, पण तो ट्रकवरून उतरला आणि कुंपणापाशी जाऊन भडाभडा ओकला. आई मात्र पुढे आली. चेहऱ्याला लावायला सुवासिक खोबरेल घेऊन आली होती, बाटलीचं बूचही काढून झालं होतं. "त्याचं तोंड कुठंय?" तिनं विचारलं. तिनं पुन्हा विचारलं.

घरी आल्यावर तर कहरच. आमच्यात आत्याचा मान सगळ्यात मोठा, मेलेल्या भाच्याच्या उशाशी ती बसली की मगच बायकांनी गळा काढायचा, मगच प्रार्थनेची गाणी सुरू व्हायची. चटयांच्या थरावर ती पेटी ठेवली आणि आत्या उभीच राहिली. "डोकं कुठल्या बाजूला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी ती पेटी भरली होती. पाद्री बायबलच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते वाचत बसले. माका हळूच म्हणाला, "झाकण वर आहे म्हणजे डोकं तिकडेच असेल." "गप रे मेल्या, तो काय बिस्किटांचा डबा आहे?" आत्या खेकसली. मग ती खाली बसली, पेटी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मी बसलेय तिथे त्याचं डोकं. रडा आता." तेव्हा कुठे घर रडायला लागलं. आई रडली नाही. ती त्या लाकडाला तेल लावत होती.

खड्डाही पुरा सहा फुटांचा खणून ठेवलेला. थोडा बुजवून घेऊ असं खणणारे म्हणाले तर आईनं कुणाला हात लावू दिला नाही, "माझं पोर त्यात मावलं पाहिजे." तळाशी पेटी ठेवली तेव्हा ती कुणीतरी विसरून गेल्यासारखी दिसत होती.

आता ते सांगते, जे तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस. आत्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "जाळायचं कुणी ठरवलं?" आणि मी म्हणाले, "ब्रिजेटनं. त्यांच्यात तशीच पद्धत असते." इतक्या पटकन म्हणाले की माझी मलाच शिसारी आली. मग तुझ्याबद्दल काय काय बोललं गेलं! "शेकोटी करायला हिला आमचाच मुलगा मिळाला का?" "नवऱ्याची राख पाठवली, स्वतः आली नाही, लाजही नाही!" मी ऐकत होते आणि पाहुण्यांच्या पानात सुरण वाढत होते. तू का आली नाहीस हे मी सोडून कुणाला माहीत होतं? इतक्या गर्दीत तुला झेपणार नाही, असं मीच तुला सांगितलं होतं. झेपणार मला नव्हतं.

दवाखान्यातलं तू विसरली नसशील. तू माझे हात धरून म्हणत होतीस, "त्याला आहे तसा घरी ने, आईला एकदा हात लावू दे." जाळा म्हणून मी हट्ट धरला, तू रडत माझ्यासाठी सही केलीस. लाकूड गिरणीत तो ओंडका त्याच्या तोंडावर आला होता. डॉक्टरांनी चादर बाजूला करण्याआधी मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तू आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. माझ्या डोक्यात एकच होतं, आई कापड उचलणार, तेल लावणार, गालाचा मुका घेणार आणि तिथेच जीव सोडणार.

काल दहावा दिवस. रिवाजाप्रमाणे आत्यानं आम्हा सगळ्यांचे केस कापले. नंतर आईनं तीच कात्री घेतली, भिंतीवरचा तुमचा लग्नाचा फोटो काढला आणि तुला त्यातून कापायला बसली. कात्री तुझ्या पांढऱ्या झग्याशी आली तेव्हा मी तिचं मनगट धरलं. "आई, तिनं नाही. मी." मग सगळं सांगितलं. चेहऱ्याचंही.

ती ओरडेल, मारेल असं वाटलं होतं. तिनं कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "जन्मला तेव्हा तो रक्तानं माखलेला होता, नाक चेपलेलं, डोकं वाकडं. सुईण म्हणाली धुऊन देते. मी म्हटलं, आधी इकडे दे. तेव्हा मी घाबरले नाही, आता घाबरले असते होय?" ब्रिजेट, मला कुणी थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. मग तिनं विचारायला सुरुवात केली. डोळे मिटलेले होते का? कपाळ शाबूत होतं का? प्रत्येक प्रश्नाला मी माहीत नाही म्हणत गेले. "मग तू बघितलंस काय?" "भिंत," मी म्हणाले. तेव्हा तिनं हा कागद माझ्यापुढे सरकवला. गावाला मी आज खरं सांगितलं आहे, तुला कुणी वावगं बोलणार नाही. आईनं तुझी चटई तिच्या चटईशेजारी अंथरून ठेवली आहे. तिचा निरोप जसाच्या तसा लिहिते: शेवटचं त्याला तू बघितलंस, तर तू ये, माझ्यासमोर बस आणि मला तो दाखव. काही गाळू नकोस.

तुझीच, मानलीस तर नणंद,
लोसालीने