औषध बराबर, जागा चुकली

आबा, तुमची मेंढरांना औषध पाजायची बांबूची नळी अजून आहे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर रिकाम्या डब्यांच्या मागं पडली होती. तिचं तिरपं कापलेलं तोंड तुमच्या हातानं गुळगुळीत झालेलं, आणि नाकाशी धरली तर जंताच्या औषधाचा कडवट वास अजून येतो, का मला तसं वाटतं, कोण जाणे. मेंढरं विकून जमाना झाला, पण नळी मी कुणाला दिली नाही. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आता डोळे मिटावे लागतात. आज दुपारी ती नळी खाली काढली आणि ही वही घेऊन बसलो. तुमची सून पलीकडं खाटेवर निजली आहे. तिचा डोळा लागला की मला घरात काही काम उरत नाही.

तिच्या पोटात गाठ आहे, आबा. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात सलाईनमधून औषध देतात. आम्ही तीर्थपुरीहून सकाळच्या गाडीनं जातो आणि दिवेलागणीला परत येतो. ती खिडकीला डोकं टेकून बसते, मी मांडीवर प्लास्टिकची पिशवी उघडून धरतो, उलटी आली तर असावी म्हणून. ते औषध रक्तात सुटतं आणि अंगभर फिरतं. गाठीत जातं तसं केसांच्या मुळांत जातं, आतड्यात जातं, जिभेवर जातं. केस तर पहिल्याच महिन्यात गेले. जी बाई हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीवर घेऊन उभ्या उभ्या खायची, तिला आता कोमट वरणाचं पाणी झोंबतं. मागल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "बाबा, औषध गाठीला लागू पडतंय. पण आजींच्या अंगाला झेपत नाहीये. पुढचा डोस तूर्त थांबवू." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला तुम्ही आठवलात. औषध बराबर होतं, जागा चुकली. हे वाक्य तुमचं.

तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. तुम्ही घनसावंगीच्या बाजाराला गेल्ता. आभाळ भरून आलं होतं आणि पाऊस लागायच्या आत सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजून घ्या, असं तुम्ही बजावून गेलेले. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पाजायचा नियम तुम्ही मला शंभरदा सांगितला होता: मेंढराचं नाक डोळ्याच्या वर जाऊ द्यायचं न्हाई, नळी गालाच्या फटीतून घालायची, त्याला गिळायला वेळ द्यायचा. सुनेला सांगायची गरजच नव्हती, ती मेंढरांतच वाढलेली. आम्ही दोघं पाजत गेलो आणि शेवटी तुमचा तो काळ्या तोंडाचा एडका राहिला. त्याला ठसका लागला. तिसऱ्या दिवशी तो गोठ्याच्या तोंडाशी पडला, नाकातून फेस. तुम्ही उकिडवे बसून त्याच्या छातीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मान कुणी धरली व्हती?" मी जमिनीकडं बघत होतो. "म्या धरली व्हती, मामा," ती म्हणाली. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच बोललात, "औषध बराबर व्हतं, पोरी. जागा चुकली. पोटात जायचं ते फुफ्फुसात गेलं. चुकीच्या जागी गेलं की औषधाचंच इख व्हतं." त्यानंतर तुम्ही असेपर्यंत तिला नळीला हात लावू दिला नाहीत.

तुमची नात तुम्ही बघितली नाही. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत असते आणि तिचं काम काय विचाराल तर हेच, औषध बराबर जागी पोचवायचं. मला चौथीपुढं शाळा नाही. मेंढरांच्या औषधाच्या डब्यातले कागद वाचून वाचून मी इंग्रजी अक्षरं शिकलो, तेवढ्यावर तिच्याकडून समजून घेतो. ती म्हणते, औषधाचा बारीकसा कण करायचा, केसाच्या जाडीत असे शेकड्यांनी मावतील एवढा. त्याच्यावर चरबीचं आवरण चढवायचं, म्हणजे वाटेत औषध सांडत नाही. मी म्हणालो, "म्हंजे आबा कडू पाला ज्वारीच्या पिठाच्या गोळीत घालून चारायचे, तसंच की." ती हसली. "तसंच, अप्पा. फक्त पीठ कुठं सुटायचं ते आधी ठरवायचं." पण ते ठरवणं सोपं नाही. कण मोठा झाला तर यकृतात अडकतो, फारच लहान झाला तर लघवीवाटे निघून जातो. वर रक्तातही राखणदार असतात, परका दिसला की ते त्याला गिळून टाकतात. म्हणून त्याला असं पांघरूण घालायचं की राखणदारांच्या नजरेत येऊ नये. हे ऐकताना मला तुमची कुत्री आठवायची. तुमचं घोंगडं पांघरून गेलं की मला अंधारातही भुंकत नसत.

मागल्या महिन्यात ती आठ दिवसांची सुट्टी काढून आली. सकाळी चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होती, तिची आई बाहेर उन्हात बसलेली. मी हळूच जवळ गेलो. म्हणालो, "तुझ्या तिथली औषधाची एक कुपी आण. कुणाला सांगायची गरज न्हाई."

तिचे हात थांबले. "अप्पा, ते उंदरांच्या मापाचं हाये. माणसाला अजून दिलंच न्हाई कुणी."

"तुझी माय हाये ती."

"म्हणूनच न्हाई म्हणून राह्यले. असली काही औषधं दवाखान्यात मिळतात, मी डॉक्टरांना विचारलं, मायच्या गाठीला ती चालत न्हाईत. आमचं अजून कच्चं हाये. चुकलं तर?"

आणि मी बोलू नये ते बोललो, आबा. "मंग इतकी वर्षं तिथं काय करून राह्यली तू?"

तिनं तोंड वर केलं नाही. परातीतल्या पिठावर एक थेंब पडला, तो तिनं पिठातच मळून टाकला. मग म्हणाली, "पोचवायलाच शिकून राह्यले, अप्पा. एवढं सगळं करून बी बहुतेक यकृतातच जातं. गाठीपोतूर चिमूटभर पोचतं." बाहेरून तिची आई ओरडली, "बापलेकीची मसलत झाली असंल तर भाकर टाका, मला वासाची तरी भूक लागू द्या!" आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो, गरजेपेक्षा जास्त. जाताना लेकीनं माझ्या पाया पडून विचारलं, "रागावले न्हाई ना?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ज्या पोरीनं आयुष्य ह्याच कामाला लावलं, तिच्या हातात आईसाठी काही नाही, आणि तिच्या बापानं तेच तिला बोलून दाखवलं.

आता काल काय झालं ते सांगतो, त्याच्यासाठीच हा कागद. दुखणं थांबायचं पातळ औषध मी तिला चमच्यानं देतो. तिला पडूनच राहायचं होतं, मला घाई झाली होती, दूध उतू जायला आलेलं. मी डाव्या हातानं तिची हनुवटी वर उचलली आणि चमचा ओतला. तिला ठसका लागला. असा लागला की डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, आणि मी तिच्या पाठीवर थापा मारत तुमच्या नावानं ओरडत होतो. कितीतरी वेळानं श्वास ताळ्यावर आला. तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नाक डोळ्याच्या वर जाऊ द्यायचं न्हाई. अजून शिकले न्हाईत का? एडका समजले का मला?"

एवढ्या वर्षांत तिनं एडक्याचं नाव काढलं ते कालच. त्या दिवशी एडक्याची मान मी उचलली होती, आबा. तिनं तर त्याला गुडघ्यांत धरलेलं, आणि "खाली घ्या, खाली घ्या" असं म्हणत होती. तुम्ही विचारलं तेव्हा मी जमिनीकडं बघत राहिलो, म्हणून तिनं स्वतःवर घेतलं. तुमच्या हाताखाली नळी धरायला तिला किती आवडलं असतं, हे मला ठाऊक होतं, तरी गप्प राहिलो.

वहीतले हे कागद फाडून, गुंडाळी करून तुमच्याच नळीत घालून ठेवतो, दुसरा पत्ता मला माहीत नाही. काल तिच्यापाशी कबूल करायची वेळ आयती चालून आली होती. ती बघत होती, थोडी हसतही होती, वाट बघितल्यासारखी. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "चमचाच मोठा हाये."