डाव्या हाताचं पानक

१७ फेब्रुवारी १९५८
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय! उजव्याची चारही बोटं कारखान्याच्या प्रेसमध्ये गेली. अंगठा तेवढा उरलाय — कशाला, ते त्यालाच ठाऊक.

१९ फेब्रुवारी
हात दुखला. इतकंच.

२ मार्च
कौशल्या भात कालवून मला भरवायला लागली. ओरडलो बायकोवर. तिने ताट पुढे सरकवलं. "सरी, बरं तर, तुमचं तुम्ही जेवा." अर्धा भात मांडीवर सांडला. तिने बघितलंही नाही! हॉस्पिटलातही ही अशीच, कोरडी ठणठणीत. बाईचं काळीज आहे की पाटा?

१४ मार्च
गल्लीची बैठक झाली. रामनवमीला मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्याला गुळाचं पानक मीच वाढतो, लग्नाच्या आधीपासून. यंदा विठोजीकाका म्हणाले, "मालोजी, तू अध्यक्ष. हार घालून खुर्चीवर बसायचं, बस्स." टाळ्या पडल्या. मी म्हटलं, वाढणार मीच, डाव्या हाताने. टाळ्या थांबल्या! देवाचं पानक, आणि डाव्या हाताने? रत्नाबाई आत्या उठूनच गेली. "स्वल्प तरी देवाला भी रे!"

वाईट यातलं कुणीच नाही. प्रेमानेच अडगळीत टाकतायत मला. पण एकदा त्या खुर्चीत बसलो की मी संपलो. मग सगळीकडे बसूनच राहीन. भीती वाटते.

१५ मार्च
कौशल्येने पाण्याची बादली आणि ओगराळं पुढ्यात आणून ठेवलं. "ओता." परसात चिखल केला नुसता.

२३ मार्च
आज पेल्याबाहेर फार नाही सांडलं.

रामनवमी
हार काढून खुर्चीवर ठेवला आणि हंड्यापाशी गेलो. ओगराळं डाव्या हातात. रांगेतल्या पहिल्या गृहस्थाने पेला मागे घेतला. त्याच्या मागचाही चुळबुळला. मान वर करवेना.

तेवढ्यात आत्या रांग मोडून पुढे! म्हटलं, झाली आता शोभा. तर ती कौशल्येलाच हाक मारते — "अगं, पूजेला बसल्यावर नवऱ्याच्या हाताला हात लावतीस का नाही? तसा लाव. तुझा उजवा. देवाला चालतंय की मग! बैठकीपासनं हाच विचार करालीये मी." आणि स्वतःचा पेला पुढे. "ओत रे अण्णा, ऊन किती!"

कौशल्येने माझ्या मनगटावर बोटं टेकवली. मग तो गृहस्थही पुढे आला. हंडा रिकामा होईपर्यंत ती तशीच उभी होती. ओगराळं मीच पेललं, तिने जोर मुळीच लावला नाही. विठोजीकाकांनी दोनदा मागून घेतलं. फार बरं वाटलं!

रामनवमीचा दुसरा दिवस
सकाळी कौशल्या चुलीपुढे रडत होती, हमसून हमसून. अपघातापासून तिच्या डोळ्यांत टिपूस पाहिलं नव्हतं मी. जवळ जाऊन बसलो. म्हणाली, "आता मी रडले तर चालतंय ना?"