कॅनडाहून आलेला मेखेलनकर

१० नोव्हेंबर, रविवार, सकाळ

आमच्या मेखेलनला टुरिस्ट का येत नाहीत, याचा छडा आजपासून मी लावणार. लोक ब्रुसेल्सला उतरतात, नाहीतर अँटवर्पला. मधल्या आम्हाला गाडीच्या खिडकीतून बघतात आणि चॉकलेट खातात. आयुष्यभर त्याच लाइनवर तिकिटं तपासली, डोळ्यांनी पाहिलंय. दोष गावाचा नाही. मनोरा आहे, नदी आहे, चर्चं तर गल्लीगणिक. दोष गाइडचा असणार. तेव्हा दर रविवारची इंग्लिश टूर गुपचूप तपासायची. टुरिस्टच्या वेषात.

बायको, एल्झा, आज असती तर म्हणाली असती, "गुस्ताफ, घर खायला उठतं असं सरळ सांग की." तसं काही नाही. गावाचं काम आहे.

वेष: निळा रेनकोट, गळ्यात कॅमेरा (सेल नाहीत, पण ते बाहेरून दिसत नाही). नाव मिस्टर ब्राउन, राहणार कॅनडा. मला कोणी ओळखण्याचा प्रश्नच नाही. गावानं मला कायम रेल्वेच्या टोपीत पाहिलंय. टोपी काढली की मी कोणीही.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मोहीम फत्ते. गाइड व्हेर्ले, तिशीची, हातात लाल छत्री. दोन जपानी बहिणी, एक स्कॉटिश गृहस्थ आणि मी. नकाशा मुद्दाम उलटा धरला होता. व्हेर्लेनं तो न बोलता सुलटा केला. मुलगी मदतीला तत्पर, असा शेरा.

शेवटी सगळे चौकातल्या कॅफेत. मालक रिक लांबूनच ओरडला, "काय गुस्ताफ, नेहमीची ना?" मी इंग्लिशमधून "सॉरी?" म्हणालो. त्यानं खांदे उडवले आणि नेहमीचीच बिअर आणून ठेवली. योगायोग. स्कॉटिश गृहस्थ माझ्याशी हवामानावर बोलले. बराच वेळ बोलले. छान माणूस.

१३ नोव्हेंबर

लेकीचा, ग्रीतचा, फोन नाही. राहते अँटवर्पला, नोकरी ब्रुसेल्सला. जाताना-येताना तिची गाडी मेखेलनला थांबते. पण उतरायला पोरीला वेळ कुठला? दार उघडतं, लगेच बंद होतं. मला नाही तर कोणाला माहीत, शिट्टी मीच वाजवायचो.

वरची तिची खोली तशीच ठेवली आहे. मायेबियेपोटी नाही. पलंग हलवायचा तर कंबर धरते.

संकल्प: फोनजवळ बसायचं नाही. (फोन खिशात ठेवला.)

२४ नोव्हेंबर, रविवार

आज अनर्थ झाला. व्हेर्लेनं मनोऱ्याखाली चंद्राची गोष्ट सांगितली. फार पूर्वी एका रात्री कोणा दारुड्याला मनोरा लाल दिसला. तो "आग, आग" ओरडत सुटला. अख्खं गाव बादल्या घेऊन जिना चढलं. वर पोचतात तोवर ढग सरकले, आणि बघतात तर चंद्राचा उजेड! तेव्हापासून आम्ही 'चांदविझवे'. अँटवर्पवाले अजून चिडवतात.

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसला तो एक कॅनडाचा तरुण, खराखुरा. वर मलाच विचारतो, तुम्ही कॅनडात कुठले? मी म्हणालो, उत्तरेकडचा. तरी त्याचं हसू थांबेना. मग माझा तोल गेला. चांगल्या खणखणीत आमच्या भाषेत ऐकवलं, की दात काय काढता, धूर असणार तिथं! धूर दिसल्याशिवाय आमचे पूर्वज बादली उचलणारे नव्हते, इतके काही खुळे नव्हते ते!

व्हेर्ले शांतपणे म्हणाली, "कॅनडात आपली भाषा छान शिकवतात हो."

मला वाटतं, तिला अजून संशय आलेला नाही.

१ डिसेंबर, रविवार

पाऊस. टुरिस्ट मी एकटाच. व्हेर्लेनं छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाली, "गुस्ताफ, पुरे आता. शाळेत असताना रोज तुमच्या गाडीनं जायचे मी. पास विसरले की तुम्ही खिडकीबाहेर बघत पुढे जायचात. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

म्हणजे इतके रविवार तिनं मला माझंच गाव दाखवलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, "तुम्ही इतकं मन लावून ऐकत होतात." आणि हेही म्हणाली, की माणसं आली नाहीत तर टुरिस्ट ऑफिस हिवाळ्यात टूर बंद करणार.

माणसं हवीत? आणतो. ग्रीतला बोलावतो. तिनं तरी आपलं गाव शेवटचं कधी पाहिलंय?

६ डिसेंबर

आज सिंटरक्लासचा, पोरांना खाऊ द्यायचा सण. ग्रीतसाठी चॉकलेटं आणि बदामाच्या मार्झिपान-मिठाईचं डुक्कर घेतलं. दुकानातल्या बाईंनी विचारलं, नात केवढी आहे? म्हणालो, मुलगी आहे, चाळिशीची. त्यांनी रिबन बांधली.

ग्रीतला फोन केला. म्हणाली, "पपा, पंधराला बघते. नक्की नाही हं. उशीर झालाच तर सरळ घरी येईन, किल्ली आहे माझ्याकडे." म्हणजे नक्की येणार. आमच्या घरात 'बघते' म्हणजे हो.

१४ डिसेंबर

तिच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. कोंबडी शिजवली, जरा जास्तच. राइस टार्ट आणली. चॉकलेटं उशीवर ठेवली. कंबर धरली, पण गोड धरली.

१५ डिसेंबर, रविवार, दुपार

चौकात आहे. रेनकोट नाही, कॅमेरा नाही, रविवारचा कोट. ग्रीत दिसत नाही. गाडी लेट असेल. या लाइनवर रविवारी असंच होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

व्हेर्लेनं टूर अडवून धरली. स्पेनचं एक कुटुंब थंडीनं नाचायला लागलं, तेव्हा हळूच म्हणाली, "गुस्ताफ, निघू या का?" निघालो. वळून वळून बघत चाललो. चंद्राच्या गोष्टीच्या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं, पण आज मी गप्प होतो.

घरी येताना आभाळ मोकळं झालं होतं. आमच्या गल्लीत वळलो आणि पाहतो तर वरच्या खिडकीत उजेड! ग्रीतची खोली! सरळ घरीच आली की. मी रस्त्यातूनच ओरडलो, "ग्रीत, आलो गं!" आणि पळालो. शेजारच्या पाउलाबाईंनी खिडकी उघडून विचारलं, "गुस्ताफ, आग लागली की काय कुठं?" उत्तर द्यायलाही थांबलो नाही. जिना असा चढलो की गुडघ्यांना कळलंच नाही.

खोलीत कोणी नव्हतं. चॉकलेटं उशीवर होती तशीच. समोरच्या छपरावर पौर्णिमेचा चंद्र आला होता, त्याचा उजेड काचेवर पडला होता.

फोनवर तिचा निरोप होता. "सॉरी पपा, जमलं नाही. पुढच्या महिन्यात बघते." तिचा दोष नाही, कामं किती असतात, असं इथं लिहिणार होतो. आज नाही लिहीत. मला फार एकटं वाटतं.

व्हेर्लेला सांगायला हवं. धूरबीर काही नव्हता, चंद्रच होता. ती गोष्ट बरोबर सांगते. पुढच्या वेळी मी मध्ये बोलणार नाही.